‘वीज घरी कशी येते’: ऐरोलीतल्या गणेशोत्सव देखाव्याच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

मंडळाच्या बैठकीत यंदाचा देखावा ठरला: वीज. देवळाची प्रतिकृती, किल्ला, चांद्रयान हे सगळं आपल्याकडे होऊन गेलंय. विषय मीच मांडला, त्यामुळे जबाबदारीही माझ्याकडे आली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते, म्हणून सगळ्यांना ते रास्त वाटलं. सोबत सेक्टरमधले एक काका आहेत. त्यांची नोकरी वीज मंडळात उपकेंद्रावर ऑपरेटर म्हणून झाली. शिवाय आठवी ते अकरावीतली मुलं.

हा विषय आपल्या दाराशीच आहे, हे बैठकीत सांगावं लागलं. राज्याचं भार प्रेषण केंद्र, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या विजेचा हिशोब जिथे क्षणोक्षणी होतो ती जागा, ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीतच आहे. ४०० केव्हीचं, म्हणजे चार लाख व्होल्टचं, कळवा उपकेंद्र जवळच. खाडीवरून मुंबईकडे जाणारे मनोरे आपण पुलावरून रोज बघतो. तरीही ‘लाईट कुठून येते’ म्हणून विचारलं की मुलं मीटरकडे बोट दाखवतात आणि मोठी माणसं डीपीकडे.

देखाव्यातून एकच गोष्ट माणसाच्या मनात बसली पाहिजे: ग्रीडमध्ये, म्हणजे वीज केंद्रांपासून घरांपर्यंतच्या तारांच्या जाळ्यात, वीज साठवलेली नसते. आपण पंखा लावतो त्याच क्षणी कुठेतरी कुठल्या तरी टर्बाइनवर तेवढा भार वाढतो. निर्मिती आणि वापर यांचा मेळ दिवसाच्या प्रत्येक सेकंदाला घालावा लागतो. बाकीची माहिती या एका गोष्टीभोवती मांडायची. चमचमणारे दिवे लावून लोकांना पुढे सरकवायचं नाही. हाताला, पायाला कळेल असं काहीतरी हवं.

२२ जून, रविवार

सकाळी पाऊस उघडला होता. काका आणि मुलांना घेऊन मनोरे बघायला गेलो.

मनोऱ्यावर किती व्होल्ट आहेत हे पाटी न वाचता कसं ओळखायचं, ते काकांनी शिकवलं. तार ज्या चिनी मातीच्या चकत्यांच्या माळेला लटकते त्या चकत्या मोजायच्या. २२० केव्हीला तेरा-चौदा, ४०० केव्हीला तेवीसच्या आसपास. मुलांनी दुर्बिणीतून मोजायला सुरुवात केली आणि लगेच भांडणं सुरू झाली, कारण काही माळा दुहेरी होत्या. काही ठिकाणी चकत्यांऐवजी पॉलिमरचे लांब दांडे आहेत, तिथे हा हिशोब चालत नाही. खाडीची खारी हवा आणि कारखान्यांची धूळ चकत्यांवर बसते, वर दव पडलं की त्या थरातून वीज सरपटते. पॉलिमरला हा त्रास कमी होतो.

मनोऱ्याच्या अगदी टोकाशी जी बारीक तार असते तिच्यात पुरवठ्याची वीज नसते. ती अर्थ वायर. आकाशातली वीज पडली तर ती आपल्या अंगावर घेऊन मनोऱ्यातून जमिनीत उतरवायची हे तिचं काम. ४०० केव्हीच्या तारा जोडीने किंवा चौकडीने जातात, मध्ये ठरावीक अंतरावर स्पेसर असतात. ओल्या हवेत तारांखाली चर्रर्र असा आवाज येतो तो कोरोनाचा: तारेभोवतीची हवा थोडी थोडी विद्युतभारित होऊन वीज झिरपते. एका मुलाने घाबरून विचारलं, “काका, तार तुटणारे का?” काका म्हणाले, “नाही रे बाळा, पावसाळ्यात ती अशीच बोलते.”

काकांकडून आणखी एक गोष्ट कळली. देशात बऱ्याच ठिकाणी १३२ केव्हीच्या वाहिन्या असतात, पण कळवा-कल्याण पट्ट्यात १०० केव्हीच्या आहेत. नकाशात दाखवायच्या.

६ जुलै, आषाढी एकादशी

पहिलं मॉडेल झालं. प्रश्न असा: एवढे हजारो व्होल्ट लागतातच कशाला? घरात तर २३० पुरतात.

फळ्यावर मांडलेला हिशोब फलकासाठी जसाच्या तसा ठेवतेय. समजा १० किलोवॅट वीज न्यायची आहे आणि जाण्या-येण्याच्या तारेचा मिळून रोध १ ओहम आहे. २३० व्होल्टला प्रवाह साडेत्रेचाळीस अँपिअर. तारेत होणारी नासाडी म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळजवळ १९०० वॅट. शिवाय तारेतच साडेत्रेचाळीस व्होल्ट पडतात, समोरच्याला १८६ च मिळतात. तीच वीज २२,००० व्होल्टला नेली तर प्रवाह अर्ध्या अँपिअरहूनही कमी आणि नासाडी ०.२ वॅट. तार तीच, वीज तेवढीच. व्होल्ट शंभरेक पट वाढवले की नासाडी दहा हजार पटींच्या आसपास कमी होते, कारण वर्ग.

मॉडेलमध्ये मात्र धोक्याचं काही ठेवायचं नव्हतं. ६ व्होल्टचा एसी (दिशा सतत उलटणारा) पुरवठा, मध्ये १० ओहमची नायक्रोम तार हीच ‘चंद्रपूरहून येणारी लाईन’, पलीकडे ६ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब. सरळ जोडला तर बल्बची फक्त तार लालसर होते. मल्टिमीटर लावला, बल्बवर अडीच व्होल्ट. मग दोन्ही टोकांना एकेक ट्रान्सफॉर्मर लावला, अलीकडे ६ चे २४, पलीकडे २४ चे ६. स्टेशनजवळच्या वाइंडिंगवाल्याने ते बांधून दिले. बल्ब लख्ख. मीटरवर जवळजवळ पाच व्होल्ट. २४ व्होल्टला हात लागला तरी इजा नाही, म्हणून यापुढे चढवायचं नाही असं ठरवलं.

मध्ये एक दांडी ठेवली आहे. ती फिरवली की ट्रान्सफॉर्मर लागतात किंवा निघतात. दांडी मुलांच्याच हातात द्यायची.

ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो, आणि एसीने जगभर बाजी मारली ती मुख्यतः याच गुणावर, हे फलकावर यायला हवं. त्याच्या खाली उलट उदाहरणही द्यायचं. चंद्रपूर ते पडघा ही सुमारे ७५० किलोमीटरची लाईन १९९९ पासून ५०० केव्ही डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालते, क्षमता १५०० मेगावॅट. एवढ्या लांब अंतरावर डीसी परवडतं. पण दोन्ही टोकांना एसी-डीसी बदलणारी मोठी स्टेशनं लागतात. जिल्ह्यातलं पडघा त्यातलं एक टोक.

१३ जुलै, रविवार

मीटरचा तक्ता. घरच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. बाजूला ३२०० इंपल्स प्रति युनिट असं छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास.

मुलांना गृहपाठ दिला: घरातलं सगळं बंद करून फक्त गिझर लावा आणि वीस लुकलुकी किती सेकंदांत होतात ते मोजा. २ किलोवॅटच्या गिझरला सव्वाअकरा सेकंद लागायला हवेत. एका मुलीला संध्याकाळी तेरा मिळाले. तिला वाटलं मोजणी चुकली. तिच्या घरी मल्टिमीटर नेला, व्होल्टेज २१५. गिझरच्या कॉइलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम, तो बदलत नाही. २१५ चा वर्ग भागिले साडेसव्वीस: १७५० वॅट. मोजणी बरोबर होती, गिझरच त्या वेळी दोन किलोवॅटचा नव्हता. नववीतल्या पोरीने मीटरच्या दिव्यावरून व्होल्टेज पकडलं. हा तक्ता तिच्याच अक्षरात लागणार.

२० जुलै, रविवार

सायकल तयार झाली. माझ्या मते देखाव्याचा जीव हीच आहे.

भंगारात जुन्या ई-सायकलची २४ व्होल्ट, २५० वॅटची ब्रशवाली मोटर मिळाली. मोटर फिरवली की ती जनित्र होते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सायकल स्टँडवर, मागच्या टायरला टेकलेला आठ सेंटिमीटर व्यासाचा रोलर, रोलर मोटरच्या शाफ्टवर. समोर गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे सहा बल्ब, प्रत्येकाला वेगळं बटण. चाकाला जुन्या मोपेडचा काट्याचा स्पीडोमीटर जोडला आणि त्याच्या मूळ आकड्यांवर कागद चिकटवला. नेहमीच्या वेगाला काटा जिथे थांबतो तिथे हिरव्या शाईने ५०.

बल्ब बंद असताना पायडल हलकं फिरतं. एक लावला की पायाला कळतं. तीन लावले तर धडधाकट माणूस गप्पा मारत चालवू शकतो. सहाही एकदम लावले की पायडलला ब्रेक लागल्यासारखं होतं, काटा ५० वरून खाली, बल्ब मंद. अकरावीतला मुलगा, कबड्डी खेळणारा, तीस सेकंदांत घामाघूम. सहा बल्ब म्हणजे सव्वाशे वॅट, मोटरमधली घट धरली तर पायांनी दीडशेच्या वर वॅट द्यायचे. दोन किलोवॅटचा गिझर म्हणजे काय चीज आहे हे सायकलवरून उतरल्यावर पोरांना कोणी सांगावं लागलं नाही.

फरक एवढाच की आमच्या डीसी मॉडेलमध्ये वेग पडला की व्होल्ट पडतात. खऱ्या ग्रीडमध्ये पहिली खूण वारंवारतेत, म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात त्यात, दिसते. देशभरातली मोठी जनित्रं एकाच तालात फिरतात: दोन चुंबकी ध्रुवांचं मिनिटाला ३००० फेरे, सोळा ध्रुवांचं ३७५, पण विजेचा ठोका सगळ्यांचा सेकंदाला ५०. ढोल-ताशा पथकात शंभर ढोल एका ठोक्यावर पडतात, एकाचा हात मागे राहिला तर बाकीचे त्याला ओढून घेतात, तसंच हे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली की सगळी मशीनं मिळून किंचित सावकाश होतात. काटा ४९.९ ते ५०.०५ हर्ट्झ यामध्ये ठेवायचा असा देशाच्या ग्रीड संहितेचा दंडक आहे. भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर हा आकडा आणि राज्याची मागणी चालू दिसते. देखाव्यात तो पडदा लावायचा.

काकांनी एक सुधारणा सुचवली, फार मोलाची. रिमला आतून वाकवलेला लोखंडी गज घट्ट बांधला, चाक जड झालं. आता सहा बल्ब एकदम लावले तरी काटा धाडकन पडत नाही, सावकाश उतरतो आणि चालवणाऱ्याला सावरायला सेकंद-दोन सेकंद मिळतात. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतली शेकडो टनांची फिरती चाकं ग्रीडला हाच वेळ मिळवून देतात. तेवढ्यात गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारं यंत्र, वाफेचा किंवा पाण्याचा झडप-दरवाजा उघडतो. सौर पॅनेलमध्ये फिरतं काही नसतं. सौर वीज वाढतेय हे चांगलंच आहे, पण हा जडपणा कुठून आणायचा हा ग्रीड चालवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न आहे. मुलांनी गज काढून आणि लावून दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं. प्रेक्षकांसाठी दोन चाकं ठेवायला जागा नाही, म्हणून जड चाकच ठेवतोय.

३ ऑगस्ट, रविवार

दुसरी सायकल जोडली. आजची नोंद लांबणार.

दोन्ही मोटरी सरळ समांतर जोडल्या आणि दोघांना चालवायला लावलं. भार वाटला गेला, सहा बल्ब दोघांनी आरामात पेलले. मग एकाला सांगितलं, पाय थांबव. त्याचं पायडल थांबलं, चाक मात्र फिरतच राहिलं. मुलं ओरडलीच. दुसऱ्या सायकलची वीज त्याच्या मोटरमध्ये शिरून तिलाच फिरवत होती. त्यामुळे दुसऱ्याच्या पायावर बल्बही आले आणि हे चाकही. केंद्रात अगदी हेच होतं. वाफ बंद झाली आणि जनित्र ग्रीडला जोडलेलं राहिलं तर ते मोटर होऊन फिरतं. काका म्हणाले, “यासाठी रिव्हर्स पॉवर रिले असतो. तो असं मशीन बाजूला काढतो.” आमच्याकडे रिले नाही, म्हणून प्रत्येक मोटरला एक डायोड लावला. आता वीज फक्त बाहेर येते.

यानंतर १२ ऑक्टोबर २०२०. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिन्यांपासून सुरू झालेला तो बिघाड होता. मुंबईकडे येणारे मार्ग एकामागून एक बाद होत गेले आणि उरलेल्या मार्गांवर न पेलणारा भार आला. अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रीडपासून तोडून स्वतःच्या केंद्रांवर बेटासारखं चालवायची जुनी योजना आहे, त्या दिवशी ते बेट टिकलं नाही.

सायकलींवर हे असं दिसतं: सहा बल्ब, दोघं चालवतायत, काटा ५० वर. एक उतरतो. दुसऱ्यावर एकदम दुप्पट. काटा उतरायला लागतो, बल्ब पिवळे पडतात. बटणांच्या फळीपाशी बसलेल्या तिसऱ्याने त्या दोन-तीन सेकंदांत तीन बटणं बंद केली तर उरलेले तीन पुन्हा लख्ख. नाही केली तर सायकलवाला हार मानतो आणि सगळाच अंधार. अंडर-फ्रीक्वेन्सी रिले तिथे हेच करतात, माणसाची वाट न बघता: वारंवारता ठरलेल्या पातळीखाली गेली की ठरलेल्या वाहिन्या आपोआप तुटतात. कोणाला तरी अंधारात ठेवलं जातं, ते बाकीचे वाचावेत म्हणून. भारनियमनाच्या काळात आम्ही सगळ्यांनी बोटं मोडली आहेत. या फळीपाशी बसल्यावर ते किती अवघड काम आहे ते कळतं.

सगळ्यात उपयोगी गोष्ट याच्यापुढे निघाली. पूर्ण अंधार झाल्यावर पुन्हा सुरू करायचं होतं. सहा बटणं चालूच ठेवून मुलाने पायडल मारायला घेतलं. चाक उठेचना. थंड बल्बचा रोध फारच कमी, प्रवाह जास्त ओढतात. मग सगळी बटणं बंद केली, रिकाम्या चाकाने वेग घेतला, एक बल्ब लावला, काटा सावरला, मग दुसरा. ग्रीड उठवताना असंच करतात. आधी बाहेरच्या विजेशिवाय सुरू होऊ शकणारं केंद्र लागतं, बहुतेकदा जलविद्युत. मग एकेक उपकेंद्र, एकेक वाहिनी. लाईट येते त्या क्षणी घराघरांतले सगळे फ्रीज, एसी, पंप एकदम ओढायला लागले तर पुन्हा ट्रिप. म्हणून मोठा फलक लावायचा: लाईट गेल्यावर एसी, गिझर, पंपाची बटणं बंद करा, आल्यावर पाच-दहा मिनिटांनी लावा.

१० ऑगस्ट, रविवार

नकाशा रंगवून झाला. प्लायवर महाराष्ट्र, मागून दिवे.

कोयना, एकूण १९६० मेगावॅट, त्यातला चौथा टप्पा एकटाच १००० चा. चंद्रपूरचा कोळसा. तारापूर, जिथे १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली; तेव्हा ते आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये. उरणचं वायू केंद्र खाडीपलीकडे. टाटांची घाटाखालची केंद्रं: खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या गिरण्या घाटावरच्या पावसावर चालत, हे वाचून मुलं बराच वेळ त्यावरच बोलत होती.

घाटघरला वेगळा रंग दिला. शहापूरच्या बाजूला खालचं धरण, वर दुसरं, २५० मेगावॅट. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडते तेव्हा खाली सोडायचं. मी सुरुवातीला लिहिलं की ग्रीडमध्ये वीज साठत नाही. ते खरंच आहे: इथेही साठवलं जातं ते पाणी.

मुलांचा प्रश्न: माझ्या घरातली वीज कोयनेची की चंद्रपूरची? सांगता येत नाही. ग्रीड हे एकच आहे आणि त्यातून वीज जमेल त्या सगळ्या वाटांनी वाहते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेचं ग्रीड जोडलं गेलं तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ठोका एकच आहे.

त्यातून इलेक्ट्रॉनची गोष्ट निघाली. घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५ अँपिअर वाहत असतील तर इलेक्ट्रॉनांचा सरकण्याचा वेग सेकंदाला पाव मिलिमीटर. तोही एसीत दर सेकंदाला शंभर वेळा उलटतो, म्हणजे ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे पुढे-मागे डोलतात, बस. चंद्रपूरहून एकही इलेक्ट्रॉन आपल्या घरी येत नाही. येते ती ऊर्जा, तारांभोवतीच्या क्षेत्रातून, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास. आठवीतला एक मुलगा हे ऐकून कितीतरी वेळ पंख्याच्या वायरीकडे बघत उभा होता.

१७ ऑगस्ट, रविवार

मांडवाचं वायरिंग. विजेचा देखावा करायचा आणि वीज आकडा टाकून घ्यायची हे शक्यच नाही. तात्पुरत्या जोडणीचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, सगळं रीतसर झालंय.

आमच्याकडे वाहिनी २२ केव्हीची. रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) खाली येते ती थ्री फेज: दोन फेजमध्ये सुमारे ४००, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०. तीन फेज एकमेकांपासून तिसऱ्या हिश्शाच्या अंतराने चालतात, भार सारखा वाटला तर न्यूट्रलमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून रोषणाई, साउंड, देखावा असे तिन्हीवर वाटले. न्यूट्रलचा जोड मात्र स्वतः खेचून बघितला. तो सुटला तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज चढत जातं आणि पंखे, टीव्ही जळतात. लोक म्हणतात ‘लाईट जास्त आली’, कारण असतं सुटलेला न्यूट्रल.

प्रत्येक फेजला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो. एवढा फरक पडला म्हणजे कुठेतरी वीज जमिनीत चाललीय, कदाचित माणसाच्या अंगातून. मग क्षणात तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो जास्त भार आणि शॉर्ट सर्किटसाठी. मांडवाचे लोखंडी खांब आणि पत्रा अर्थिंगला जोडले. रोज संध्याकाळी आरतीआधी टेस्ट बटण दाबायचं, ही जबाबदारी लिहून एकाच्या नावावर लावली.

१९ ऑगस्ट

कालपासून मुसळधार. काम बंद. मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर काकांच्या घरी हलवले.

२४ ऑगस्ट, रविवार

शेवटचा फलक: ५ एप्रिल २०२०. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करायचं आवाहन होतं. देशाची मागणी मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली. भार वाढला की काय होतं ते सायकल दाखवते. इथे उलट, भार एकाएकी निघून गेला की मशीनं पळत सुटतात. जलविद्युत केंद्रांनी पावणेनऊपासून आपली निर्मिती साडेसतरा हजार मेगावॅटने खाली आणली आणि मग तितक्याच चपळाईने परत चढवली. वारंवारता ४९.७ आणि ५०.२६ यांच्यामध्ये राहिली. पाण्याचा दरवाजा मिनिटात उघडतो-मिटतो, कोळशाच्या बॉयलरला तास लागतात, हा फरक त्या रात्री कामी आला. त्या रात्री नियंत्रण कक्षांत बसलेल्या सगळ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. फलक लिहिताना ‘आभार’ हा शब्द घातलाय, तो कोणी काढायला सांगितला तरी काढणार नाही.

या फलकावर काकांनी खाली एक ओळ घातली: दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचं वेळापत्रक आदल्या दिवशी ठरतं. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर (अडीच लाख मेगावॅटवर) गेली होती, तीही याच ९६ खणांत बसवली गेली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

प्रतिष्ठापना झाली. आरसीसीबी तपासले. संध्याकाळी देखावा उघडला.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या, त्यामुळे गर्दी दुप्पट. सायकलींपाशी रांग थेट गेटपर्यंत. बायकांनी साडी सावरत पायडल मारलं, आजोबांनी बटणांची फळी सांभाळली. सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य: “अगं बाई, एका बल्बला एवढं?”

लोकांनी विचारलेले प्रश्न, पुढच्या वेळी फलकावर उत्तर हवं म्हणून:

मोबाइलचा चार्जर नुसता लावून ठेवला तर वीज जाते का? अगदी थोडी. सेट-टॉप बॉक्स त्याहून बराच जास्त खातो.

गच्चीवर सोलर असूनही लाईट गेली की आमचं घर अंधारात का? ग्रीडचा ठोका बंद झाला की साधा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला खालून शॉक बसेल.

लोकलला वेगळी वीज असते का? तारेवर २५,००० व्होल्ट, पण ती येते याच ग्रीडमधून. १२ ऑक्टोबरला लोकल थांबल्या त्या म्हणूनच.

एका गृहस्थांनी ३ ऑगस्टच्या प्रयोगातली, जनित्र मोटर होऊन फिरण्याची गंमत बघायची आहे म्हटलं. डायोड काढून दाखवलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या विसर्जन. मिरवणुकीच्या रस्त्यावर आडव्या तारा कुठे आहेत ते काका आणि मी चालत बघून आलो. ट्रॉलीसकट मूर्तीची उंची मोजून घेतली आहे. दोन ठिकाणी केबलवाल्यांच्या तारा खाली लोंबतात, त्या उचलायला बांबू घेतलेली मुलं लागतील. पण विजेच्या तारेला बांबू लावायचा नाही, ओला बांबू वीज वाहून नेतो, हे ढोल पथकासह सगळ्यांना सांगितलं. त्या टप्प्यावर ट्रॉलीवर कोणी उभं राहणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळं उतरवलं. सायकली, बटणांची फळी आणि ट्रान्सफॉर्मरचं मॉडेल जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेत गेलं. नकाशा मंडळाच्या खोलीत.

शाळेत आता करायचं: रोलरवर रबर चढवायचा, टायर घसरतोय. बटणं जाड लावायची, दोन जळाली. जमल्यास ब्रशवाल्या मोटरीऐवजी एसी जनित्र, म्हणजे दोन सायकली जोडण्याआधी त्यांचा ठोका जुळवावा लागेल. काकांकडे जुन्या पद्धतीची युक्ती आहे: दोन्हींच्या मध्ये दिवे जोडायचे, ते सावकाश लुकलुकत लुकलुकत पूर्ण विझले त्याच क्षणी स्विच टाकायचा. मुलांना ते दिवाळीच्या सुट्टीत करून बघायचंय. छोटी एसी मशीनं कुठे मिळतात त्याची चौकशी मी करतेय.